खिशातले काळू

आमच्या घरात गोड करायचं म्हणजे गॅस पेटवायलाच हवा असं काही नाही. सासूबाईंचा एक प्रकार आहे, त्याला ना पाक लागतो ना भट्टी. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, दुधाची पावडर, कोको, लोणी आणि दळलेली साखर एकत्र मळायची आणि बोराएवढे गोळे वळायचे. माझी लेक बोलायला लागली तेव्हा ती त्यांना 'काळू' म्हणायची, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. सासरे तर दुकानदाराकडेही "काळूचं सामान द्या" असंच मागतात. तो देतो.

त्या रविवारी संध्याकाळी नणंद मुलांना घेऊन यायची होती. माझा नवरा लेकीला पोहायला घेऊन गेला होता आणि सासरे सकाळीच कामावर गेले होते, त्यामुळे स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मी सासूबाईंना आई म्हणते, पण त्यावरून आमच्यात फार गोडवा आहे असं कुणी समजू नये. भांड्याला भांडं लागलं की आवाज होतोच, आणि आमच्याकडची भांडी जरा जाड पत्र्याची आहेत. तरी काळू वळताना आमचं बरं जमतं. हात गुंतलेले असले की तोंडाची धार कमी होत असावी.

कूट झालं, लोणी फेसून झालं. मी साखरेचा डबा काढला आणि मिक्सरचं भांडं पुढे ओढलं.

"ती राहू दे," आई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या "पडाल, मी काढते" कडे लक्ष न देता वर चढल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवरून, जुन्या किटलीच्या मागून, एक छोटा डबा काढला. आत पांढरी, भुरभुरीत पावडर होती. "ही घाल. दोन चमचे पुरेत. साखरेच्या वाटीएवढी गोडी येते."

"ही कसली?"

"साखरेऐवजी वापरायची. औषधांच्या दुकानात मिळते." त्यांचा चेहरा एकदम खुलला. "महिना होत आला, काळूत साखरेचा कण घातलेला नाही मी. तुला कळलं? नाही ना? ह्यांनाही नाही कळलं."

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांना मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात आणि वर मिटक्या मारत काळू खातात. आईंनी डबा लपवून बघितला, अबोला धरून बघितला, नातीला पहाऱ्यावर बसवून बघितलं. नात पहिल्याच दिवशी फितूर झाली. तेव्हा आईंनी ही युक्ती काढली. खाऊ देत हवे तेवढे. माणूसही खूश, रक्तातली साखरही जागेवर. खरं सांगते, मला कौतुक वाटलं. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही तिनं महिनाभर ही गोष्ट पोटात ठेवली होती.

मी दोन चमचे पावडर घातली, मळायला घेतलं आणि पहिला गोळा वळताना माझा हात थांबला.

"आई, आज सकाळी बाबांनी बरोबर नेले ते?"

"तेही ह्यातलेच की. पुडीत बांधून चार नेलेत. का गं?"

माझ्या हाताला कोको चिकटला होता आणि मी तो नळाखाली धरून उगाच चोळत राहिले.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना कामावर चक्कर आली होती. इंजेक्शन घेतलं आणि जेवण लांबलं, की साखर एकदम खाली जाते, म्हणाले डॉक्टर. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस चिडचिड करतो, मग त्याला समजेनासं होतं, आणि तरीही पोटात साखर गेली नाही तर तो बेशुद्ध पडतो. "खिशात कायम काहीतरी गोड ठेवा," असं बजावून त्यांनी साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाबा म्हणाले, "त्या खडूसारख्या लागतात हो. माझी बायको घरी गोळे करते, त्यात वाटीभर साखर असते. चालेल?" डॉक्टरांनी थोडा विचार केला. साखर भरपूर असेल तर काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणाले.

बाहेर आल्यावर बाबांनी मला वचनात बांधलं. आईंना यातलं काही सांगायचं नाही. "तुझ्या सासूला कळलं मला चक्कर आली होती, तर माझे पाने आणि पकडी त्याच दिवशी माळ्यावर जातील." आणि ते खरंच होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. उंच इमारतीत, लिफ्टच्या डब्याच्या छपरावर उभं राहून. त्या कामाशिवाय ते एक आठवडाही घरात टिकले नसते आणि आम्हालाही टिकू दिलं नसतं. मी वचन दिलं आणि पाळलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्या घरात अति शहाणे तिघं होते.

"अगं, बोल काहीतरी," आई म्हणाल्या. "पांढरी का पडलीस?"

मी सांगितलं. एका दमात सांगितलं, चक्करेचं, डॉक्टरांचं, खिशातल्या पुडीचं. मला वाटलं होतं त्या माझ्यावर ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ओट्यावर ठेवलेल्या एका ताटलीकडे बघितलं. सकाळची अर्धी पोळी तिच्यात तशीच होती.

"ही ह्यांची आहे," त्या म्हणाल्या. "उशीर झाला म्हणून टाकून गेले. इंजेक्शन घेतलं, ते मी बघितलं. आणि डबा नको म्हणाले, तासाभराचं काम आहे म्हणाले."

घड्याळात दुपार झाली होती.

मी फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही. परत लावला. तेच. लिफ्टच्या बोगद्यात फोन लागत नाही हे आम्हाला पाठ होतं, एरवी आम्ही त्यावर विनोद करायचो की बाबा बायकोचा फोन चुकवायला हा धंदा करतात. कंपनीच्या ऑफिसात रविवारी कुणी उचलत नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांचा जोडीदारही येत नाही, म्हणजे ते एकटे. एकच बरं होतं, की इमारत मला माहीत होती. ज्या चष्म्याच्या दुकानात मी काम करते ते तिच्याच तळमजल्यावर आहे, आणि लिफ्ट शुक्रवारपासून बंद होती.

"चला," मी म्हणाले. आईंनी साखरेचा डबा उचलला, पाण्याची बाटली उचलली आणि चपला न घालताच दाराबाहेर गेल्या. मी चपला हातात घेऊन मागे धावले.

आई जन्मात माझ्या स्कूटरवर बसल्या नव्हत्या. तुझी ती फटफटी मला नको, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी त्या काही न बोलता बसल्या, एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं डबा पोटाशी. रस्त्यात त्या एकदाच बोलल्या. "चार खाल्ले असतील तर काहीतरी होईल ना? दुधाची पावडर आहे त्यात. तिच्यात थोडी साखर असते ना गं?"

"असेल," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. आणि मला हेही माहीत होतं, की लोण्यादाण्यातून ती रक्तात उतरली तरी सावकाश उतरणार. पुढे सिग्नलला थांबावं लागलं. मी घाबरट नाही. दुकानात तावातावानं भांडायला आलेल्या गिऱ्हाइकांना मीच सामोरी जाते. पण त्या सिग्नलवर मला रडू येत होतं आणि मागे आई आहेत म्हणून मी ते गिळत होते.

वॉचमन खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. "लिफ्टवाले काका? वर आहेत, सातव्यावर. मघाशी चहा घेऊन गेलो तर माझ्यावरच खेकसले. एरवी किती गोड बोलतात."

बाबांना कुणावर खेकसताना मी कधी ऐकलं नव्हतं. चिडचिड, म्हणाले होते डॉक्टर. चिडचिड, आणि मग समजेनासं होतं.

जिने चढताना मी आईंच्या पुढे गेले. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार बंद होतं आणि त्यावर बाबांनी लावलेली 'काम चालू' ची पाटी होती, नीट, सरळ, दोऱ्यानं बांधलेली. वरून काहीच आवाज येत नव्हता. लिफ्टचं काम चालू असलं की ठोकाठोक होते, माणूस एकटा असला तरी स्वतःशी बोलतो. मी दोनदा "बाबा" म्हणून हाक मारली. माझाच आवाज जिन्यातून परत आला. मागे आईंच्या डब्यात साखर खुळखुळत होती, तेवढाच आवाज.

सातव्या मजल्यावरचं दार उघडं होतं.

आधी मला ते उघडं दारच दिसलं. आत लिफ्टचा डबा नव्हता. नुसता काळोख, त्यात खाली जाणारे तेलकट दोर, आणि उंबऱ्यावर बाबांची बॅटरी, पेटलेली. मी तिथंच थिजले. आत डोकावायला हवं होतं आणि मला डोकावता येईना. डोकावले आणि खाली काही दिसलं तर ते आईंना कसं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग डावीकडून कागदाची चुरचुर ऐकू आली. बाबा भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. मांडीवर पुडीचा कागद होता आणि त्यावरचा कोकोचा चुरा ते बोटानं टिपत होते, पण बोट तोंडापर्यंत नीट जात नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोण, हे त्यांना कळलं नव्हतं. सहा वर्षं एका घरात राहतोय आम्ही, आणि ते माझ्याकडे दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकासारखे बघत होते. मग ते भिंतीला धरून उठले. "झालं," ते जड जिभेनं म्हणाले, "उरकतो, एवढं उरकतो," आणि उघड्या दाराकडे चालायला लागले.

मी त्यांचा पट्टा मागून धरला. त्यांनी मला झटकलं. किरकोळ अंगाचा माणूस, पण त्यांच्यात कुठून जोर आला होता कोण जाणे. माझा खांदा भिंतीवर आपटला, पण मी पट्टा सोडला नाही. उंबरा दोन हातांवर होता. मला त्या काळोखातून वर येणारी गार हवा पायाला लागत होती.

"बसा खाली."

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. धाप लागलेली, पण आवाज अगदी रोजचा, ताटावर बोलावतात तसा. "आधी बसा. हात पुसले का? तोंड उघडा. काय सांगतेय मी?"

आणि बाबा बसले. मला ओळखत नव्हते, पण या आवाजापुढे बसायचं असतं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असावं. आईंनी बाटलीत साखर ओतली, झाकण लावून जोरानं हलवली आणि बाटली त्यांच्या ओठांना लावली. "गिळा. सावकाश. आणखी एक घोट." अर्धं पाणी त्यांच्या शर्टावर सांडत होतं. आईंनी चिमटीनं साखर घेऊन त्यांच्या गालाच्या आत लावली, लहान मुलाला मध चाटवावा तशी. मी उघड्या दाराकडे पाठ करून उभी राहिले, हात दोन्ही बाजूंना पसरून. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. वॉचमन मागोमाग वर आला होता, त्याला मी पाव आणायला पाठवलं. बाबांच्या हाताचं थरथरणं कमी झालं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते बाबा होते.

"तू इथं कशी?" त्यांनी आईंना विचारलं. मग माझ्याकडे बघितलं आणि ओशाळले. "सांगितलंस वाटतं हिला."

"सांगितलं," मी म्हणाले.

"बरं केलंस. आता लपवून काय करायचं." ते हसले. आईंचा हात त्यांनी हातात घेतला. त्यावर साखर आणि कोको दोन्ही होतं. "पण एक सांगतो तुला. आज तुझ्या काळूंनीच तारलं मला. चारी खाल्ले. नाहीतर तुम्ही येईपर्यंत काही खरं नव्हतं."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्या क्षणी आम्हा दोघींच्या मनात एकच आलं, हे मी शपथेवर सांगते. आता काही बोलायचीच गरज नव्हती. उद्यापासून काळूत साखर घालायची, किटलीमागचा डबा कचऱ्यात टाकायचा, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तर गप्पच राहिले असते.

"त्यात साखर नव्हती," आई म्हणाल्या.

"कशात?"

"काळूत. महिनाभर घालत नाही मी. तुमची साखर उतरावी म्हणून दुसरीच पावडर घालते. तुम्ही ते खिशात कशासाठी ठेवता ते मला ठाऊक नव्हतं हो."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मांडीवरचा पुडीचा कागद उचलला, उलटा करून बघितला.

"आधी दोन खाल्ले," ते सावकाश म्हणाले. "मग वॉचमन चहा घेऊन आला. पाक असतो त्याचा चहा म्हणजे. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, मी आत्ताच गोड खाल्लंय, आणखी कशाला. मग आणखी दोन खाल्ले. म्हटलं आज जरा वेळ लागतोय, येईल बरं वाटायला. आणि मला बरं वाटतच होतं. तुम्ही आलात तेव्हा मला वाटत होतं, आता परत छपरावर उतरावं आणि दोन नट आवळून घरी जावं."

"कुठल्या छपरावर?" मी विचारलं.

"डब्याच्या. इथंच तर लावलाय मी."

मी दारातून बाजूला झाले. त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं, मग त्या दोरांकडे, मग पुढे सरकून, आईंच्या खांद्याला धरून, खाली बघितलं. डबा कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर होता. तो खाली त्यांनीच पाठवला होता, दुसरं कुणी तिथं नव्हतंच. त्यांना ते आठवत नव्हतं.

त्यांचे हात पुन्हा थरथरायला लागले. आईंनी घाईनं बाटली पुढे केली, पण बाबांनी मान हलवली. "साखर नाही गं ही," ते म्हणाले. "भीती वाटतेय मला."

हा माणूस आयुष्यभर दोरांवर लोंबकळत आला. लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या बायकापोरांची त्यांनी चेष्टा केली. आता त्यांनी दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, मग ते खरंच लागलंय का हे दोनदा ढकलून बघितलं. वॉचमननं आणलेला पाव त्यांनी पायरीवर बसून खाल्ला. हत्यारांची पिशवी मी उचलली. आम्ही जिन्यानं उतरायला लागलो, बाबा भिंतीच्या बाजूनं, एकेक पायरी बघत. आईंनी त्यांच्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरलं होतं. चौथ्या मजल्यावर बाबा म्हणाले, "सोड आता, मी पडत नाही." आई हो म्हणाल्या आणि त्यांनी ते सोडलं नाही.